दुर्घटनेनंतरचं ऑफिस: टीम सांभाळणाऱ्यांसाठी

११ जुलै २००६ ला संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यात, आणि सगळ्या गाड्या चर्चगेटहून सुटलेल्या. १८० हून अधिक माणसं गेली, त्यांतली कितीतरी ऑफिस सुटल्यावर घरी निघालेली होती. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, तेव्हा सकाळची ऑफिस गाठायची वेळ होती. अशा घटनेनंतर टीव्हीवर शहराची चर्चा चालते. ऑफिसात मात्र कोणाची तरी खुर्ची रिकामी असते आणि उरलेल्या सगळ्यांच्या नजरा टीम लीडरकडे लागलेल्या असतात.

स्फोटांनंतर दुसऱ्याच दिवशी लोकल भरून धावल्या आणि ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणून त्याचं कौतुक झालं. टीम सांभाळणाऱ्याने या शब्दापासून लांब राहावं. माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येतो, कारण रजा उरलेली नसते, पगार कापला जाईल याची धास्ती असते, किंवा घरी एकटं बसून टीव्ही बघण्यापेक्षा ओळखीच्या चार माणसांत बसणं बरं वाटतं. तो जागेवर दिसला म्हणजे सावरला, असं धरून कामाचा नेहमीचा रेटा सुरू केला की पुढच्या दीड-दोन महिन्यांत राजीनामे, चुका आणि आजारपणं पुढे येतात.

लोकांना सुरुवातीला सांत्वन नको असतं, माहिती हवी असते. कोण सुखरूप आहे? उद्या यायचं का? नाही आलो तर पगाराचं काय? माझं काम कोण बघणार? याची सरळ उत्तरं मिळाली की माणूस दुःख करायला मोकळा होतो. म्हणून आधी माहिती, मग मोकळीक, आणि त्यानंतर बोलणं. हा क्रम उलटा झाला तर चांगल्या मनाने केलेली शोकसभासुद्धा लोकांना बोचते.

पहिले दोन तास

घटना कळल्याबरोबर एका कागदावर टीममधल्या सगळ्यांची नावं लिहा. सगळ्यांची म्हणजे पगारपत्रकावरची तर आहेतच, शिवाय हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटी, कँटीनचा मुलगा, कंत्राटदाराची माणसं, त्या दिवशी रजेवर किंवा दौऱ्यावर असलेले. अशा वेळी यादीतून हीच माणसं सुटतात, आणि सुटलेल्याला ते कायम लक्षात राहतं. प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा: ‘स्वतःशी बोलणं झालं’, ‘दुसऱ्याकडून कळलं’, ‘संपर्क नाही’. प्रत्येक नोंदीला वेळ टाका. ‘दुसऱ्याकडून कळलं’ हा रकाना वेगळा ठेवायचं कारण असं की ‘तो तर पाच पंचवीसच्या गाडीने गेला, सुखरूप असणार’ हा अंदाज दोन माणसांच्या तोंडून फिरला की बातमी बनतो.

वीस जणांना एकट्याने फोन लावत बसू नका. चार जणांना प्रत्येकी पाच नावं वाटून द्या आणि दर अर्ध्या तासाने त्यांच्याकडून आकडा घ्या. मोठ्या घटनेनंतर नेटवर्क कोलमडतं. २००६ मध्ये तेच झालं होतं. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवा: ‘सुखरूप असाल तर फक्त हो लिहा.’ आधी त्या माणसालाच गाठा. घरी फोन करायची वेळ आलीच तर ‘तो पोहोचला का हो?’ असं घाबऱ्या आवाजात विचारू नका. ‘आम्ही ऑफिसातल्या सगळ्यांची चौकशी करतोय, त्यात यांचाही नंबर लावला’ एवढं म्हणा. बातमी अजून न कळलेल्या आईला किंवा बायकोला ती तुमच्या फोनवरून कळू नये.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तात्पुरता ‘फक्त अ‍ॅडमिन’वर करा आणि तसं का केलं ते त्याच ग्रुपवर एका ओळीत लिहा. घटनास्थळाचे फोटो आणि व्हिडिओ टाकू नका, हेही त्याच ओळीत. कोणाच्या तरी भावाला त्याच्या भावाचा शर्ट अशा फोटोत दिसू शकतो.

ऑफिसात अडकलेल्यांची सोयही याच दोन तासांत करायची असते. चहा, पाणी, खायला काहीतरी, चार्जर, आणि घरी सोडायला गाड्या. एकाच दिशेला जाणारे तीन-चार जण मिळून निघू देत आणि पोहोचल्यावर त्या ग्रुपमधल्या एकाने कळवायचं ठरवा. ज्याला त्या रात्री ऑफिसातच थांबायचंय त्याला थांबू द्या, पण एकट्याला नाही.

संपर्क न झालेलं नाव

दीड-दोन तासांनंतरही एखाद्याचा पत्ता नसेल तर इस्पितळात जाणाऱ्या नातेवाइकांबरोबर ऑफिसचे दोघं पाठवा. एक जण कुटुंबाच्या शेजारी राहतो, दुसरा खिडक्यांवर आणि वॉर्डांत फिरतो. सोबत त्या माणसाचा अलीकडचा फोटो, आयकार्डची प्रत, रक्तगट, त्या दिवशीच्या कपड्यांचं आणि अंगावरच्या खुणांचं वर्णन, पॉवर बँक आणि पाच-सहा हजार रुपये रोख असावेत. मोठ्या दुर्घटनेत जखमी एकाच इस्पितळात जात नाहीत. जवळच्या चार-पाच ठिकाणी विखुरले जातात, म्हणून एका ठिकाणच्या यादीत नाव नाही याचा अर्थ काही निघत नाही. नावं घाईत चुकीची लिहिली जातात, आडनावाऐवजी वडिलांचं नाव लागतं, हे धरून याद्या वाचा.

मृतदेह ओळखण्याची वेळ आली तर ते काम घरच्यांपैकी कोणीतरी करावं लागतं. ऑफिसच्या माणसाने शेजारी उभं राहावं, आत ढकलू नये, आणि हे काम टीममधल्या सगळ्यात लहान मुलावर ‘तू धावपळ करू शकतोस’ म्हणून टाकू नये. पंचनामा, शवविच्छेदन, ताबा मिळणं यात तास जातात, कधी दिवस. जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या विमान अपघातात डीएनए तपासून सगळ्यांची ओळख पटेपर्यंत दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला. असा काळ असेल तर टीमला रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळी ११ ला, एक निरोप द्या. सांगण्यासारखं नवीन काही नसेल तर ‘आज नवीन काही कळलेलं नाही, उद्या पुन्हा ११ ला सांगतो’ हे सांगा. वेळ ठरलेली असली की लोक अफवांच्या मागे कमी लागतात.

बातमी सांगायची कशी

सहकाऱ्याच्या मृत्यूची बातमी घरच्यांकडून किंवा इस्पितळाकडून पक्की झाल्याशिवाय तोंडातून काढू नका. पक्की झाल्यावर घरच्यांपैकी एकाला विचारा: ऑफिसात सांगितलं तर चालेल ना, काय सांगू, अंत्ययात्रा कधी आहे, लोकांनी आलेलं चालेल का.

मग आधी जवळच्यांना सांगा. शेजारी बसणारा, रोज एका डब्यातून येणारा, एका डब्यात जेवणारी, ज्याच्याशी कालच वाद झाला होता तोही. हो, तोही, पुढे सगळ्यात जास्त तोच जळत राहतो. या तीन-चार जणांना बाजूच्या खोलीत बसवून, दार लावून, सांगा. त्यानंतर अर्ध्या तासात बाकीच्यांना एकत्र. मेल सगळ्यात शेवटी, जे हजर नाहीत त्यांच्यासाठी.

वाक्यं छोटी आणि सरळ ठेवा. ‘वाईट बातमी आहे. आपला अमुक काल संध्याकाळच्या स्फोटात गेला. रात्री एक वाजता इस्पितळातून घरच्यांना कळलं. अंत्यसंस्कार आज चार वाजता आहेत. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोन वाजता खाली गाडी आहे. आज काम थांबलंय, जे थांबवता येत नाही ते मी आणि सावंत मॅडम बघतोय.’ एवढं सांगून गप्प बसा. शांतता जड वाटली तरी ती शब्दांनी भरू नका. कोणी उठून बाहेर गेलं तर मागे एक जण जाऊ दे, सगळे नकोत.

‘देवाच्या मनात होतं’, ‘निदान त्रास तरी झाला नाही’, ‘आपण स्ट्राँग राहायला हवं’, ‘त्याला आवडलं नसतं तुम्ही रडलेलं’ ही वाक्यं टाळा. ती बोलणाऱ्याचा अवघडलेपणा कमी करतात, ऐकणाऱ्याचं तोंड बंद करतात. ‘काय बोलू सुचत नाहीये, पण मी इथे आहे’ हे पुरतं. तुमचा आवाज फुटला, डोळे भरले तर भरू देत. फक्त नंतर टीमनेच तुमची समजूत काढत बसावं, अशी वेळ आणू नका.

काम: तीन ढीग

दुसऱ्या दिवशी सकाळी टीम येण्याआधी अर्धा तास बसून सगळं काम तीन ढिगांत लावा. थांबवता येणारं: आढावा बैठका, अप्रेझल, ट्रेनिंग, अंतर्गत रिपोर्ट. हे निदान तीन दिवस बंद. दुसऱ्याकडे देता येणारं: यासाठी दुसऱ्या टीमची किंवा दुसऱ्या शहरातल्या ऑफिसची माणसं आजच मागा, असे दिवस आले की कोणी नाही म्हणत नाही, महिन्याभराने म्हणतील. थांबवता न येणारं: पगार, रुग्णसेवा, सुरक्षा, बँकेचे व्यवहार. यावर अर्धीच माणसं लावा आणि दर दोन तासांनी बदला.

मोठ्या धक्क्यानंतर झोप उडते आणि लक्ष टिकत नाही. म्हणून दोन आठवडे ‘दोन डोळ्यांऐवजी चार’ असा नियम ठेवा: पैसे पाठवणं, माल रवाना करणं, औषधाचा डोस, मशीनची सेटिंग दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही. हा नियम सगळ्यांना सारखा लावा, नाहीतर ज्याच्यावर लावला त्याला तो आपल्यावरचा अविश्वास वाटतो. ड्रायव्हर, क्रेन किंवा प्रेस चालवणारे, लाइनवर चढणारे यांना शिफ्टच्या सुरुवातीला थेट विचारा, ‘काल किती तास झोप झाली?’ चारपेक्षा कमी असेल तर त्या दिवशी त्याला जमिनीवरचं काम द्या.

रजेचा निर्णय पहिल्याच दिवशी लेखी हवा. ‘कोणाला गरज वाटली तर बोला’ हे मोघम वाक्य लाजाळू माणसाला काहीच देत नाही. ‘बुधवार ते शुक्रवार कोणाचीही रजा कापली जाणार नाही, कारण विचारलं जाणार नाही, नऊऐवजी अकराला आलात तरी चालेल’ हे कळतं. रोजंदारी आणि कंत्राटी माणसांना त्या दिवसांचे पैसे मिळतील, हे कंत्राटदाराशी बोलून पक्कं करा आणि त्यांना स्वतः जाऊन सांगा. नाहीतर तुमची तीन दिवसांची सवलत म्हणजे त्यांच्यासाठी तीन दिवसांचा उपास.

त्याच मार्गाने प्रवास करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ज्या गाडीत, ज्या पुलावर घटना झाली तिथूनच रोज यायचं असेल तर पहिले काही दिवस वेळ बदलून द्या, जोडीने येऊ द्या, शक्य असेल तर घरून काम द्या. पण ‘तू आता लोकलने येऊच नकोस’ असं कायमचं सांगू नका. टाळत गेलं की भीती वाढते. गर्दी नसलेली वेळ, ओळखीचं माणूस सोबत, आधी दोन स्टेशनं आणि मग पूर्ण प्रवास, असं हळूहळू केलेलं बरं.

शोकसभा

कोणी गेलं त्याच दिवशी औपचारिक सभा घेऊ नका. बातमी सांगणं आणि सभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, २५ ते ३० मिनिटांची सभा पुरे. जेवणाआधी अशासाठी की नंतर लोकांना एकत्र बसायला वेळ मिळतो. तीच सभा संध्याकाळी सहाला घेतली तर माणूस जड मनाने एकटा गर्दीत शिरतो.

घरच्यांना विचारून फोटो लावा, हार-उदबत्ती त्यांच्या रीतीप्रमाणे. हार सगळ्यांच्याच फोटोला चालत नाही. सुरुवात तुम्ही करा, तीन मिनिटांत: कोण होता, काय काम करायचा, लोकांना त्याची कुठली गोष्ट ठाऊक आहे. हुद्दे आणि पुरस्कार वाचू नका. नवीन आलेल्यांना लॉगिन मिळेपर्यंत स्वतःच्या जागेवर बसवून घ्यायचा, डब्यातलं लोणचं आधी वाढून मग स्वतः घ्यायचा, हे सांगा. मग आधी विचारून ठरवलेले दोघं-तिघं बोलतील. गोल फिरून ‘आता तू बोल’ कोणालाही म्हणू नका. मग दोन मिनिटं स्तब्धता. घड्याळ एकाकडे द्या, फोन बंद करायला सांगा, दाराशी एक माणूस उभा करा म्हणजे कुरिअरवाला मध्ये शिरत नाही. शेवटी व्यवहाराचं सांगा: घरी भेटायला कधी जायचं, मदत कुठे द्यायची, कोणाशी बोलायचं. वरच्या साहेबांना बोलायचं असेल तर आधी विनंती करा की त्यात तिमाहीचा, टार्गेटचा, ‘आपण लवकरच उभारी घेऊ’चा उल्लेख नको.

बाहेरचा समुपदेशक आणून सगळ्यांना एका खोलीत बसवणं आणि ‘काय पाहिलं, काय वाटलं’ ते आळीपाळीने सांगायला लावणं ही पद्धत अजून काही कंपन्यांत चालते. ती नको. एकाच बैठकीतल्या अशा उजळणीने फायदा होत नाही, काहींना त्रास वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला ती न वापरण्याचाच आहे. त्या संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पद्धत तीन शब्दांत मावते: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला आत्ता काय हवंय ते पाहा, बोलायचं असेल तर न तोडता ऐका, आणि घर, डॉक्टर, मदत यांच्याशी जोडून द्या. समुपदेशक बोलवाच, पण त्यांना बाजूची खोली द्या, वेळा लावा, आणि समुपदेशकाकडे कोण जाऊन आलं याची नोंद एचआरकडे येणार नाही हे लिहून जाहीर करा.

आधी ठरलेला सण किंवा समारंभ आला तर? एल्फिन्स्टनची चेंगराचेंगरी खंडेनवमीच्या दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी दसरा होता. अशा दिवशी ऑफिसात यंत्रांची पूजा असते. पूजा साधेपणाने करायला हरकत नाही, ती अनेकांची श्रद्धा असते. ढोल, सजावटीची स्पर्धा, गटाचे फोटो आणि जेवणावळ मात्र पुढे ढकला. निर्णय घ्या आणि कारणासकट सांगा. लोकांवर सोडलात तर अर्धे नटून येतात, अर्धे डोळे सुजलेले, आणि दोन्ही बाजूंना अपराधी वाटतं.

संशयाची नजर

बॉम्बस्फोट, गोळीबार अशी घटना असेल तर ऑफिसातल्या मुस्लिम, काश्मिरी किंवा आणखी कुठल्या सहकाऱ्याकडे नजरा वळतात. कोणी उघड काही म्हणत नाही. जेवणाच्या टेबलावर जागा बदलते, ग्रुपवर फॉरवर्ड येतात, तो आल्यावर बोलणं थांबतं. तोही त्याच गाडीतून प्रवास करतो, त्याचीही माणसं त्यात गेलेली असू शकतात, आणि वर त्याला आपली निष्ठा सिद्ध करावीशी वाटते. त्याला सगळ्यांसमोर निषेध करायला लावू नका, ‘तू तसा नाहीस’ असं म्हणून तर मुळीच नाही. पहिल्याच बैठकीत तुम्ही एकदा स्पष्ट सांगा: ‘या घटनेवरून इथल्या कोणाच्याही धर्माबद्दल किंवा गावाबद्दल बोललेलं चालणार नाही. ग्रुपवर आलं तर मी काढीन आणि पाठवणाऱ्याशी बोलेन.’ आणि खरंच बोला, त्याच दिवशी, एकट्याशी. दुपारी त्या सहकाऱ्याच्या शेजारी जाऊन जेवायला बसा. टीम तुमच्या भाषणापेक्षा हे जास्त बघते.

घरच्यांकडे

पहिल्या भेटीला तिघं-चौघं पुरेत आणि वीस-पंचवीस मिनिटं बस्स. घरातल्या रीती विचारून जा: कुठे दहाव्या-तेराव्यापर्यंत सुतक असतं, कुठे चाळिसाव्याला प्रार्थना असते, मुस्लिम कुटुंबात पत्नी इद्दतीत असते आणि चार महिने दहा दिवस बाहेरच्या पुरुषांना भेटत नाही, तेव्हा टीममधल्या बायकांनी जावं. या भेटीत लॅपटॉप, आयकार्ड, कंपनीचं सिम यांचा विषय काढू नका. एचआरच्या यंत्रणेतून ‘वस्तू परत करा’ असा मेल आपोआप जातो, तो आधीच थांबवा.

पैशाचे कागद घरच्यांसाठी एका माणसाने धरून ठेवायचे. दर वेळी नवीन माणूस नवीन फॉर्म घेऊन गेला की घर खचतं. महापालिकेकडून मृत्यूच्या दाखल्याच्या निदान दहा प्रती काढायला सांगा, प्रत्येक ठिकाणी एक लागते. पुढचं असं:

भविष्य निर्वाह निधीचे तीन भाग असतात: साठलेली रक्कम, पत्नी-मुलांचं पेन्शन आणि ईडीएलआय, म्हणजे पीएफला जोडलेला जीवन विमा. विम्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे आणि कित्येक कुटुंबांना तो असतो हेच माहीत नसतं. लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरतं; आईचं नाव तसंच राहिलेलं असेल तर घरात वाद पेटायच्या आत दोन्ही बाजूंना हे शांतपणे समजावून सांगा. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या नोकरीची अट मृत्यूच्या बाबतीत लागू नाही, त्यामुळे आठ महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाच्या घरच्यांनाही ती मिळते. ३० दिवसांत द्यायची असते. गट विमा, उरलेल्या रजेचे पैसे, त्या महिन्याचा पगार यांचा हिशेब एका कागदावर मराठीत लिहून द्या.

रेल्वे अपघातात किंवा गाडीतल्या हिंसक घटनेत मृत्यू झाला असेल तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे ८ लाखांपर्यंतच्या भरपाईसाठी अर्ज करता येतो, एका वर्षाच्या आत. तिकीट किंवा पास जपून ठेवा. पाससाठी पाकीट, फोनवरचं अ‍ॅप आणि बँकेची नोंद तपासा. कर्मचारी ईएसआयसीमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर कामाला येता-जाता झालेला अपघातही कामावरचा धरला जाऊ शकतो, मात्र वेळ, ठिकाण आणि कामाचा संबंध दाखवावा लागतो. म्हणून त्या दिवसाची हजेरी, शिफ्टचं वेळापत्रक आणि बायोमेट्रिकची नोंद आजच वेगळी काढून ठेवा. सहा महिन्यांनी ती शोधायला गेलात तर मिळेलच असं नाही.

वर्गणी काढायची तर रक्कम ज्याची त्याने ठरवावी, कोणी किती दिले याची यादी फिरवू नये. एक दिवसाचा पगार कापायचा असेल तर प्रत्येकाची लेखी संमती हवी. दहा दिवसांत बंद करा, दोघांच्या सहीने हिशेब ठेवा, आणि रक्कम रोख न देता बँकेतून द्या.

टेबल

रिकामी जागा निदान तेराव्यापर्यंत हलवू नका. मग घरच्यांना विचारा, स्वतः येणार की आम्ही आणून देऊ. आवरताना दोघं असावेत आणि यादी करावी: ड्रॉवरमधली बाम आणि चष्म्याची पेटी, मुलीच्या शाळेतला फोटो, मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, रेल्वे पासचं जुनं प्लॅस्टिक, निम्मं संपलेलं हाजमोलाचं डबडं. काहीही ‘कचरा’ म्हणून टाकू नका, ते घरच्यांना ठरवू द्या. डबा घासून द्या. सगळं पेटीत नीट लावून, हातात द्या. कुरिअरने पाठवू नका.

संगणकातलं काम वेगळं. आयटीला त्याच दिवशी सांगा: मेलला ‘यांचं निधन झालं आहे, कृपया अमुक यांना लिहा’ असं उत्तर लावा, वाढदिवसाची आपोआप जाणारी शुभेच्छा बंद करा, हजेरीच्या यंत्रातून ‘गैरहजर’चा मेसेज घरच्यांच्या फोनवर जात नाही ना ते बघा, बैठकांच्या निमंत्रणांतून नाव काढा. दोन महिन्यांनी सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवर त्याच्या नावाचा केक आणि फुगे आले तर टीमचा तो दिवस जातो. खासगी फोटो असतील तर ते उघडून न बघता पेन ड्राइव्हवर घेऊन घरी द्या.

त्या पदावर नवीन माणूस घ्यायचाच असतो. दीड-दोन महिने थांबता आलं तर थांबा, नसेल जमत तर टीमला आधी सांगा. त्याला ती खुर्ची देऊ नका, जागांची मांडणी बदला. आणि त्या नवीन माणसाला, तो रुजू होण्याआधी, काय घडलं ते सांगा. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये त्याला ते कळू नये.

तिसऱ्या आठवड्यापासून

पहिले पंधरा दिवस सगळे सगळ्यांची काळजी घेतात. मग कामाचा वेग वाढतो, विषय निघायचा बंद होतो, आणि काही जण तेव्हा ढासळायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाशी दहा मिनिटं एकट्याने बोला, चालता चालता किंवा चहावर. ‘कसं चाललंय?’ला ‘ठीक’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: झोप लागते का? जेवण जातंय का? येण्या-जाण्यात काही अडचण? कुठलं काम सध्या जड जातंय? घरी कोणाशी बोलणं होतं का? आणि उत्तर ऐकून त्यातली एक तरी गोष्ट आठवडाभरात बदलून दाखवा.

रडू येणं, चिडचिड, विसराळूपणा, आवाजाला दचकणं हे पहिल्या आठवड्यांत अपेक्षित आहे आणि बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, त्या जागेकडे फिरकताच येत नसेल, दारू वाढली असेल, माणूस सगळ्यांपासून तुटला असेल, तर डॉक्टरांची गरज आहे. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतूनही आहे. क्रमांक नुसता नोटीस बोर्डावर लावू नका, त्याच्यासमोर बसून लावून द्या. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं कोणी बोललं तर थेट विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी इस्पितळात न्या.

हे सगळं तुम्ही एकट्याने करू नका. पहिल्याच दिवशी एक जोडीदार ठरवा: एक घरचे आणि इस्पितळ बघेल, दुसरा ऑफिस. तुमच्या वरिष्ठांकडून रोज पंधरा मिनिटं मागून घ्या. गेलेला माणूस तुमचाही मित्र असेल तर एक दिवस तुम्हीही रजा घ्या आणि तसं सांगून घ्या. ते बघून बाकीचे घेतात.

टीममधलं कोणी गेलं नाही तरी

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यातले तिघं डोंबिवलीचे होते. डोंबिवलीहून येणाऱ्या माणसाला ती बातमी राहत नाही, शेजारचं घर होतं. अशा वेळी कोण किती जवळ आहे ते शोधा: त्या गावचं, त्या शाळेतलं, त्याच व्यवसायातलं, किंवा आधीच्या एखाद्या घटनेत आपलं माणूस गमावलेलं. हे शेवटचे सहसा बोलत नाहीत. सकाळी पाच मिनिटं सगळ्यांशी बोला, कँटीनमधल्या टीव्हीवरचं न्यूज चॅनल बंद ठेवा, आणि ज्यांना बसवत नाही त्यांना घरी जाऊ द्या. सभा, हार, भाषण याची तिथे गरज नसते.

तारखा लिहून ठेवा. महिना, सहा महिने, वर्ष, गेलेल्याचा वाढदिवस, आणि खटला चालू असेल तर निकालाची तारीख. २००६ च्या स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल जुलै २०२५ मध्ये आला, एकोणीस वर्षांनी, आणि सगळं पुन्हा वर आलं. अशा दिवसाच्या आठवडाभर आधी जवळच्या दोघा-तिघांना विचारा: काही करायचंय का, की तो दिवस नेहमीसारखा गेलेला बरा? त्या दिवशी मोठी डेडलाइन ठेवू नका. घरच्यांना फोन करा. तुमची बदली झाली तर ही यादी तुमच्या जागी येणाऱ्याच्या हातात द्या, कोणाच्या नावापुढे काय लक्षात ठेवायचं ते शेजारी लिहून.